चार बोटं चिकट, दोन बोटं कोरी

छाप: एकेचाळीस.
शीट: साठ.
दोष: चिकट.
कारण: धुरी जास्त. घरची चूक.
वेळ: तिसरी.
अंगठा:

अंगठ्यापुढची जागा मोकळी होती. ती भरली की एकेचाळीस नंबर संपणार होता.

नंबर म्हणजे चरकाच्या रुळावर बसवलेली लोखंडी पट्टी. रबराच्या झाडाच्या गोठलेल्या चिकाची लादी चरकातून दाबून काढली की पातळ पांढरी शीट बाहेर येते, आणि तिच्या अंगावर पट्टीचा आकडा उठतो. मग पाच दिवस धुरघरात धूर, मग शीट मधाच्या रंगाची होते, मग गोदाम, मग ट्रक. पट्टी खरेदी-केंद्राची. केंद्र ती देतं, तीनदा दोष लागला की केंद्र काढून नेतं. पट्टी गेली की शीट करायची नाही. नुसता चीक ड्रममध्ये भरून दलालाच्या दारात उभं राहायचं.

ग्रेडरसाहेबांनी चिठ्ठी फाडली आणि टेबलावर दगडाखाली ठेवली.

टेबल गोदामाच्या दारात होतं, उजेडासाठी. तीन आठवडे पाऊस हटला नव्हता, रस्ता खचला होता, ट्रक आला नव्हता; तो आज आला. तीन आठवडे सगळ्यांच्या शीट आत थप्पीला पडून होत्या. केंद्राची रीतच तशी. शीट आणून टाकायची आज, प्रत लागायची ट्रक येईल त्या दिवशी. मधल्या दिवसांत शीटचं काय होतं ते गोदामाला आणि शीटला ठाऊक.

गोदामवाल्यानं एकेचाळीसची थप्पी बाहेर ओढली. त्याला सगळे कुलूप म्हणायचे, कारण कुलूप लावल्यावर तो ते तीनदा ओढून बघायचा, आणि दार उघडं असलं तरी कडीला हात लावून यायचा. थप्पीतली वरची शीट त्यानं सोडवली. फाडल्यासारखा आवाज झाला. अंगणात उभ्या असलेल्या बायका वळून बघू लागल्या.

"आजोबा, पुढं या," साहेब म्हणाले. "ओढा ही."

म्हातारा पुढं झाला. चाळीस वर्षं झाडांना खाचा पाडून त्याची उजवी कोपर सरळ होत नव्हती. त्यानं शीट दोन्ही हातांत धरली आणि ओढली. शीट ताणली गेली नाही, लोंबली. त्याच्या मनगटाला चिकटली. त्यानं हात सोडवला तेव्हा मनगटावरचे पांढरे केस शीटवर राहिले.

"हे काय आहे?"

"चिकटलीय साहेब."

"ते मला दिसतंय. धुरी देता की भाजता?"

मागं कुणीतरी हसलं. म्हाताराही हसला. हसायलाच बोलावलंय अशी त्याची समजूत झाली होती.

"धुरी मी देते," मागून आवाज आला. "मला विचारा."

ही म्हाताऱ्याची सून. तिला गावात धुरकी म्हणत. तिच्या पापण्यांना केस उरले नव्हते, डोळ्यांच्या कडा कायम लाल. धुरघराच्या दाराशी गाल लावून ती आतली ऊब सांगायची, त्याची ही किंमत.

"तुम्हालाच सांगतोय हो बाई. पण ऐकायला घरचा कर्ता माणूस समोर लागतो."

"कर्ता माणूस झाडांत आहे. पाऊस उघडलाय, चीक वाहतोय. मी बोलले तर कानाला लागत नाही का तुमच्या?"

"लागतं ना. चांगलं लागतं." साहेबांनी चिठ्ठी बोटानं ठोकली. "ऊब जास्त झाली की रबर वितळतं. पहिल्या वेळी बुरशी, दुसऱ्या वेळी बुरशी, आता हे. आधी धुरी कमी, म्हणून बुरशी. मी बोललो, तर आता जास्त. बरोबर?"

"बुरशी गोदामातली होती. जमीन ओली होती तुमची."

"म्हणून तुमच्या थप्पीखाली फळ्या टाकल्यात. आणखी काय, गादी घालू?" साहेबांनी वहीत बघितलं. "मी उद्या दुपारी निघतो. तोवर अंगठा द्या. नाही दिलात तर 'नकार' लिहीन. पट्टी दोन्हीकडून जाते."

म्हाताऱ्यानं विचारलं, "शाई इथंच मिळेल का?"

धुरकीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं साठ शीट दोन भाऱ्यांत बांधल्या. बांधल्या म्हणजे काय, त्या आपोआपच एकमेकींना धरून होत्या.

*

एक भारा म्हाताऱ्यानं घेतला, एक तिनं. भारा तिच्या मानेला चिकटत होता.

*

चिकाला तुमचं दुःख कळत नाही. सकाळी परातीत ओतून वर ॲसिड शिंपडलेलं, तो दुपारी गोठून तयार. आज नाही दाबला तर उद्या आंबेल. म्हणून घरी पोचल्यावर तिनं भारा ओसरीवर टाकला, पदर खोचला आणि चरकापाशी उभी राहिली. नवरा दांडा फिरवत होता. ती लादी सरकवत होती. पलीकडून शीट येत होती, ओली, थंड, आंबूस वासाची. अंगावर आकडा. एकेचाळीस. एकेचाळीस. एकेचाळीस.

"देऊन टाक अंगठा," तो म्हणाला.

"माझा नाही मागितला. बाबांचा मागितलाय."

"मग बाबा देतील. ड्रममध्ये विकू. तुझे डोळे तरी सुटतील."

"डोळे माझे आहेत."

"मी कुठं माझे म्हणतोय?"

"दांडा फिरव."

त्यानं फिरवला. जरा वेळानं म्हणाला, "खरंच जास्त झाली असेल का गं? ऊब?"

तिनं हातातली लादी परत परातीत ठेवली. "सोळा वर्षं गाल लावते मी त्या दाराला. तू चुलीवरचं दूध बघतोस ना, उतू गेल्यावर? तसं नाही बघत मी."

त्यानं दांडा पुन्हा धरला. तिनं लादी पुन्हा उचलली.

सगळ्या शीट काठीवर टाकून झाल्यावर तिनं कात्री घेतली आणि प्रत्येकीच्या कोपऱ्याला एक खाच पाडली. महिन्याची पहिली खेप, एक खाच. दुसरी खेप, दोन. खेपा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून सासूनं लावलेली शिस्त. नाकारलेल्या साठ शीट गेल्या महिन्यातल्या तिसऱ्या खेपेच्या होत्या. तीन खाचा.

तिनं ओसरीवरच्या भाऱ्यातली एक शीट सोडवून उजेडात धरली. तेव्हा तिला पट्टे दिसले.

शीट सगळी चिकट नव्हती. चार बोटं चिकट, काळपट, ओघळलेली. मग दोन बोटं कोरी, घट्ट. पुन्हा चार बोटं चिकट. पुन्हा दोन कोरी. दुसरी बघितली. तशीच. खालच्या शीटवर पट्टे ठळक, वरच्यांवर फिके होत गेलेले. सगळ्यांत वरच्या शीटवर पट्टे नव्हतेच, ती नुसती खालच्यांना धरून बसलेली.

धूर पट्ट्यापट्ट्यांनी लागत नाही. ऊब चार बोटं चढून दोन बोटं थांबत नाही.

*

"माझ्या खालचं काय बघतेस एवढं?"

सासू आठ महिने अंथरुणावर होती. डावं अंग गेलेलं. जीभ मात्र शाबूत. गादी भिजू नये म्हणून तिच्या खाली रबराची शीट असायची. दर खेपेतली एक शीट घरात राहायची, आणि जुनी झाली की परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जायची. दिवसातून चारदा धुरकी तिला कुशीवर वळवून शीट पुसायची, धुवायची, परत घालायची. आज तिनं ती ओढून काढली आणि कोपरा चाचपत उभी राहिली.

तीन खाचा.

"आई, ही त्याच खेपेतली आहे."

"मग? चिकटलीय?"

धुरकीनं ओढली. शीट लांबली, आणि सोडल्यावर फटकन तिच्या बोटांवर परत आली. तिनं चिमटीत धरून उजेडापुढं नेली. मधाच्या रंगाची, स्वच्छ, आरपार.

"आई गं," ती म्हणाली. "लागलं."

"लागायलाच पाहिजे. मला आधी झाक तरी. उघडी पडलेय मी."

तिनं सासूला झाकलं, खाली चादर दुमडून सरकवली आणि पट्ट्यांची शीट तिच्या पुढं आणली. सासूनं उजव्या हाताचं बोट पट्ट्यावरून फिरवलं. बोट चिकटलं, सुटलं, चिकटलं, सुटलं.

"फळ्या," सासू म्हणाली.

"फळ्याच. चार बोटांची फळी, दोन बोटांची फट."

"फळी कसली? नवी? राळेची? डांबर लावलंय?"

"जुन्याच. पण रंगवल्यात वाटतं. आज दारातून दिसल्या. हिरवट-निळ्या."

सासूनं बोट डोळ्यांपाशी नेलं. मग म्हणाली, "भांड्यावर चढतं तसलं हिरवं?"

"हो. नाहीतर…" धुरकीला नवऱ्याची बोटं आठवली. पानगळीचा रोग आला की तो मोरचुदाचं पाणी फवारायचा. आठ-आठ दिवस त्याच्या नखांच्या मुळांशी तोच रंग बसलेला असायचा. "मोरचूद."

"फवारल्यावर चार दिवस चीक का घेत नाही आपण?"

"बाबा घेऊ देत नाहीत म्हणून."

"बाबांना कुणी सांगितलं? मी. पानावरचं पाणी खोडावरून वाटीत उतरतं. मी लहान असताना एकदा हौसेनं तांब्याच्या घागरीत चीक नेला होता. शीट चांगली झाली, धुरी चांगली लागली. महिन्यानं बघतो तर पाक. आईनं मला त्याच घागरीनं मारलं." सासूचं अर्धं तोंड हसलं. "तांबं असेल तिथं चीक टिकत नाही, बाई. मोरचुदात तांबंच असतं. बुरशी मारतं ते. पण रबरालापण सोडत नाही."

बुरशी मारतं ते.

धुरकी खाटेच्या कडेवर बसली. दुसऱ्या वेळी शीट नाकारल्या तेव्हा तीच कुलूपच्या अंगावर ओरडली होती. त्या फळ्यांनाच बुरशी आलीय, काहीतरी मार की तिला! सगळ्या अंगणासमोर. आणि त्यानं मारलं होतं. झाडाच्या पानावरची बुरशी जाते, मग फळीवरची का नाही? ह्या भागातल्या कुणाही माणसाला सुचलं असतं. तिलाही सुचलं असतं.

"काय झालं?" सासूनं विचारलं.

"काही नाही. थोडं माझंपण आहे ह्यात."

"मग ते थोडं तुझं म्हण. सगळं कशाला म्हणतेस?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा म्हातारा आधीच कपडे करून दारात बसला होता. त्याचा उजवा अंगठा निळा होता. शेजारच्या दुकानातून शाई लावून आला होता.

"तिथं मिळते न मिळते," तो म्हणाला.

ती चालू लागली. तिच्या काखेत सासूखालची शीट गुंडाळी करून होती, दुसऱ्या हातात पट्ट्यांची.

अंगणात ट्रक भरत होता. साहेब टेबलावर चहा पीत होते. ती टेबलापाशी थांबलीच नाही. सरळ आत गेली.

"ओ बाई! आत नाही जायचं!" कुलूप मागं धावला.

गोदामात पत्र्याखालची दमट ऊब होती. भिंतीला ओल आलेली, एका कोपऱ्यात पोत्यांवर पाणी ठिबकत होतं. कालच्या एकेचाळीसच्या थप्पीची जागा रिकामी होती. तिनं वाकून बोट जिभेला लावलं आणि फळीवर घासलं. मग बोट घेऊन बाहेर आली आणि साहेबांच्या कपापुढं धरलं. हिरवं-निळं.

"हे कुणी लावलं?"

"मी लावलं," कुलूप म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. "पावसाआधीचं उरलेलं मोरचूद होतं, चुना घालून दोन हात मारले. बघा, तेव्हापासून फळीला एक ठिपका नाही बुरशीचा."

"फळीला नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, काहीतरी मार!"

अंगणातल्या बायका पुढं सरकल्या होत्या. धुरकीनं त्यांच्याकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"म्हणाले मी. ओरडून म्हणाले, सगळ्यांनी ऐकलंय. लिहा साहेब, हिनं म्हटलं आणि ह्यानं मारलं. दोघांचं लिहा. पण धुरीचं नाव काढा."

तिनं पट्ट्यांची शीट उचलून टेबलावर पसरली. "चार बोटं चिकट, दोन बोटं कोरी. आत जाऊन फळी मोजा. बोटं तुमची लावा, माझी नको."

साहेबांनी कप बाजूला केला. ते उठले नाहीत. पण त्यांचा हात आपोआप शीटवर गेला आणि चार बोटं पट्ट्यावर बसली.

"असेल," ते म्हणाले. "काहीतरी लागलं असेल. पण धुरीही बिघडलेली नव्हती कशावरून? शीट मुळात चांगली होती ह्याला पुरावा काय?"

तिनं दुसरी शीट टेबलावर उलगडली.

"तीच खेप. तीन खाचा बघा. त्याच दिवशीची धुरी, तोच चरक. ही घरी राहिली."

"घरी नीट जपून ठेवली असेल. कोरड्या, चांगल्या जागी."

"चांगल्या जागी!" ती हसली. म्हातारा एकदम खाली बघू लागला. "आमच्या आईंच्या अंगाखाली होती, साहेब. आठ महिने त्या उठलेल्या नाहीत. तीन आठवडे ह्या शीटवर त्या झोपतात. ह्यावरच सगळं होतं त्यांचं. सगळं म्हणजे सगळं."

साहेबांचा पुढं आलेला हात तिथंच थांबला.

"धुतलीय. धरा. ओढा. काल बाबांना ओढायला लावलीत ना?"

बायकांतून बारा नंबरवाली म्हणाली, "ओढा की साहेब. म्हातारी रात्रंदिवस झोपते त्यावर, तुम्हाला नुसती ओढायचीय."

हशा उसळला. ट्रकवरचे दोघं थांबून बघू लागले. साहेबांनी दोन बोटांनी शीट उचलली. मग चार बोटांनी. ओढली. सोडली. फटकन आवाज झाला. त्यांनी भुवया वर केल्या आणि पुन्हा ओढली, ह्या वेळी नीट, दोन्ही हातांनी. मग उठून दाराच्या उजेडापुढं धरली. बुडबुडा शोधला, वाळूचा कण शोधला, पांढरा ओला डाग शोधला. वीस वर्षांची सवय होती. हातात शीट आली की तोंडातून एकच गोष्ट निघायची.

"पहिली प्रत," ते म्हणाले.

कुलूपलाही वीस वर्षांची सवय होती. त्यानं शिक्का शाईत दाबला आणि शीटच्या कोपऱ्यावर ठोकला.

बायका शिक्का बघायला वाकल्या. मग साहेबांना कळलं आपण काय म्हणालो ते. ते हळूच खाली बसले.

"हे बघा," ते म्हणाले, "कालची चिठ्ठी असू दे. तिसरी वेळ मी धरत नाही. पट्टी राहू द्या. साठ शीट परत आणा, हलक्या भावात ट्रकमध्ये टाकू. फक्त अंगठा तेवढा द्या, कागद पुरा होतो."

"कारण काय लिहिलंय त्यावर?"

"तेच. धुरी."

"मग नाही."

"अहो, पट्टी राहतेय तुमची! गोदाम असं मी कसं लिहू? मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मला घरी द्यावं लागतं. धुरी माझी आहे. पट्टी राहिली आणि नाव गेलं, तर त्या पट्टीचं मी काय करू, चुलीत घालू?"

साहेबांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. "आजोबा, तुम्ही समजूतदार. तयारीनं आलायत. या."

म्हातारा टेबलाकडं निघाला. दोन पावलं टाकली. पट्ट्यांच्या शीटपाशी थांबला. तिच्यावर त्याचे कालचे केस अजून होते. त्यानं ते बघितले, आपलं मनगट बघितलं, मग उजवा हात वर नेला आणि निळा अंगठा डोक्यावरच्या पांढऱ्या केसांत खसाखसा पुसून टाकला.

"धुरी सून देते," तो म्हणाला. "तिला विचारा."

*

छाप: एकेचाळीस.
शीट: साठ.
दोष: चिकट.
कारण: ~~धुरी जास्त. घरची चूक.~~ फळी.
वेळ: ~~तिसरी.~~
अंगठा:

साहेबांनी 'फळी' इतकं बारीक लिहिलं की चिठ्ठी डोळ्यांपाशी न्यावी लागली. तिनं नेली. वाचली. मग स्वतःचा अंगठा साहेबांच्या शाईत बुडवला, चिकटतो का ते पट्ट्यांच्या शीटवर दाबून बघितलं, आणि तोच चिठ्ठीवर उठवला.

"आणि आजपासून," ती मागं वळून म्हणाली, "शीट आली त्या दिवशी प्रत. नाहीतर माझ्या शीट माझ्या घरी. ट्रक आला की आणीन."

"तसं चालत नाही," साहेब म्हणाले.

"फळ्या चालल्या का?"

बारा नंबरवाली तोवर आत गेली होती. फळीचं एक टोक धरून तिनं हाक मारली, "अगं ये, दुसरं टोक धर, माझी कंबर काय सरकारी नाही!" धुरकी गेली. आणखी दोघी गेल्या. फळ्या एकेक करून अंगणात आल्या आणि चिखलात पडल्या. चौथ्या फळीला कुलूपनं स्वतः खांदा दिला. "मला काय माहीत," तो पुटपुटत होता, "पानांना तर चालतं." "आम्हाला तरी कुठं माहीत होतं," धुरकी म्हणाली. फळी टाकून तो परत गेला आणि दाराच्या कडीला हात लावून आला.

ट्रकचा मागचा फाळका लागला. साहेबांनी टेबलावरची शिक्का मारलेली शीट उचलली.

"ही राहिली. पहिली प्रत झालीय, ट्रकमध्ये टाका."

धुरकीनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि गुंडाळली.

"ही विकायची नाही. आई तिकडं नुसत्या चादरीवर पडल्यात."

घरी पोचली तेव्हा चादर भिजली होती. तिनं सासूला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडं केलं, आणि शीट खाली सरकवून चारी कोपरे ताणले. शिक्क्याचा कोपरा उशाशी आला.

"काय झालं गं?" सासूनं भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"काही नाही. पट्टी आहे. नीट झोपा." तिनं सासूला पाठीवर घेतलं. "पहिल्या प्रतीवर आहात."

"ते मला रोजच माहितीय," सासू म्हणाली. "परात बघ जा. आजचा चीक गोठला असेल."